निळ्या पुडीतलं मीठ: आजारी माशांच्या नावावर चाललेली लूट

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरी शोभेचे मासे पाळणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. माशांचं औषध म्हणून पारदर्शक पुडीत निळी किंवा पिवळी पूड विकली जाते. पुडीवर ना औषधाचं नाव, ना कंपनी, ना बॅच नंबर, ना मुदत. ५० ग्रॅमला ३५० रुपये घेतात. ही पूड घेऊ नका. माझा नर मासा या पुडीच्या भरवशावर मेला आणि पुडीत काय आहे ते मी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासून पाहिलंय.

जर्मन ब्लू रॅमची जोडी होती. व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला हा मासा, बोटाएवढा, पण एकदा जोडी जमली की सपाट दगड साफ करून त्यावर अंडी घालतो आणि दोघं मिळून राखण करतात. बेळगावातल्या एका दुकानदाराने ‘कन्फर्म पेअर आहे’ म्हणून १,२०० रुपयांना दिली. तेवढं मात्र खरं होतं. मादीच्या पोटावर गुलाबी झाक होती, आणि घरी आल्यावर तिने अंडीही घातली. रॅमला २७ ते ३० अंश पाणी लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ च्या आसपास येतो, म्हणून हीटर आधीच लावून ठेवला होता.

काही दिवसांत नर काळपट पडला आणि कोपरा धरून बसला. कोळंबीची अंडी म्हणजे त्याच्या जिवाची आवड, तीही तोंडात घेऊन परत थुंकायला लागला. पोट आत गेलं आणि मागे पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत राहायची. मी त्याचा व्हिडिओ काढून दुकानात नेला.

दुकानदाराने व्हिडिओ धड पाहिलाही नाही. ‘बरे होतात की ओ सर, काळजी करू नका,’ म्हणत काउंटरखालून निळी पुडी काढली. माल चेन्नईहून येतो, म्हणाला. चेन्नईतलं कोळत्तूर हे शोभेच्या माशांचं मोठं केंद्र आहे, हे मासे पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, त्यामुळे त्या एका वाक्याने वजन येतं. नाव विचारलं तर ‘आमचं स्पेशल मिक्स’. बिल मागितलं तर ‘बिल केलं की जीएसटी पडतो, रेट वाढतो’. आणि एक सूचना: औषध चालू असेपर्यंत पाणी अजिबात बदलायचं नाही.

ही सूचना नीट लक्षात ठेवा, कारण नुकसान तिनेच होतं. पूड टाकल्यावर टँक शाईच्या दौतीसारखा निळा झाला. आत मासा कसा आहे ते दिसेना. काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन निळं पडलं, ते अजून तसंच आहे. मिथिलीन ब्लूसारखा रंग फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतो. हे जिवाणू माशांनी सोडलेला अमोनिया पचवत असतात. ते मेले आणि वर पाणीही बदललं नाही, तर अमोनिया साठत जातो. दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकू लागले. मी पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा उत्तर मिळालं, ‘औषध लागू पडूलालंय, म्हणून तसं करतात.’ आणि सोबत पिवळी पुडी, ‘ही जरा स्ट्राँग.’

नर गेला. दुकानदार म्हणाला, दुसरी जोडी घेऊन जावा, तुम्हाला कमी करतो. त्या क्षणी सगळा व्यवहार स्वच्छ दिसला. मासा आजारी पडला की पुडी, मेला की नवा मासा, नवा मासाही त्याच दुकानातल्या टाक्यांतला, म्हणून परत पुडी.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. निळी पूड पाण्यात विरघळवली, सक्रिय कोळसा घालून गाळली. रंग कोळशाने शोषून घेतला आणि खाली नितळ पाणी आलं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकताच दह्यासारखा पांढरा साका झाला, आणि अमोनियाचं द्रावण घातल्यावर तो विरघळला. दहावीची मुलंही सांगतील, हे क्लोराइड. ज्योतीवर धरलं तर झगझगीत पिवळी ज्योत, म्हणजे सोडियम. उरलेलं पाणी बशीत उन्हात आटवलं, तर विरघळवलं होतं त्यातलं जवळजवळ सगळं परत मिळालं, चौकोनी पांढऱ्या कणांच्या रूपात. भिंगाखाली ते कण आणि आमच्या स्वयंपाकघरातलं मीठ शेजारी ठेवलं. फरक करता येत नव्हता. पिवळ्या पुडीतूनही तेच निघालं. ३५० रुपयांना ५० ग्रॅम, म्हणजे रंगवलेलं मीठ ७,००० रुपये किलोने.

मीठ मुळातच निकामी आहे असं माझं म्हणणं नाही. व्हाइट स्पॉटमध्ये (अंगावर पांढरे ठिपके येतात तो रोग), पाण्यात नायट्राइट हे विष वाढलं असताना, मिठाचा उपयोग होतो. पण ते किराणा दुकानातून आणावं आणि मीठ म्हणूनच वापरावं. माझ्या ताईची मुलगी मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिला व्हिडिओ पाठवला तेव्हा तिने लगेच सांगितलं, मामा, हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी दिसतात, स्पायरोन्यूक्लियस, जुन्या लोकांच्या बोलण्यात हेक्झामिटा. निरोगी माशातही ते थोडेफार असू शकतात. प्रवासाचा ताण, थंडी, घाण पाणी यांनी मासा खचला की ते बळावतात. आतड्यातल्या रोगाला पाण्यात मीठ टाकून काय होणार? त्याला मेट्रोनिडाझोल हे परजीवी मारणारं औषध लागतं.

मादीला ते दिलं. जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. साधारण ४० लिटर पाण्याला २५० मिलिग्रॅम, गोळी खलून, रोज, पाच दिवस, आणि दर डोसआधी थोडं पाणी बदलून. मासा खात असेल तर खाण्यातून देणं जास्त चांगलं. हे फक्त शोभेच्या माशांसाठी. खायच्या माशांच्या शेतीत या औषधाला बंदी आहे. त्याआधी कोळसा टाकून पाणी निवळून घेतलं होतं. निवळलेल्या पाण्याच्या चाचणीतही अमोनियाची नळी हिरवी आली, पिवळी यायला हवी होती, म्हणजे अमोनिया साठलेलाच होता. मादी आता खाते, विष्ठा पुन्हा गडद झाली आहे. जोडी मात्र मोडली.

विचारपूस केल्यावर आणखी काही जण भेटले. निपाणीच्या एका गृहस्थांना गप्पीच्या तोंडावर कापसासारखं आलं म्हणून हीच पुडी दिली होती, खानापूरच्या एका कॉलेजच्या मुलाला एंजल माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून. तोंडावरचा तो कापूस बहुतेक वेळा कॉलम्नॅरिस असतो, जिवाणूंचा रोग, आणि ऊब वाढवली की तो जोर धरतो. ठिपके म्हणजे इक, वर सांगितलेला व्हाइट स्पॉट, परजीवीचा रोग, तिथे उलट ऊब वाढवल्याने मदत होते. माझ्याकडचा रोग आतड्यातला. तीन रोग, तीन वेगळे उपचार, आणि तिघांना एकच पुडी आणि एकच सूचना, पाणी बदलू नका. त्या गृहस्थांना वर हीटरही चढवायला सांगितलं होतं. त्यांचे सगळे गप्पी मेले.

औषध विकणाऱ्याने त्यावर घटक, उत्पादक, बॅच आणि मुदत लिहिलेली असली पाहिजे, मग ते माणसाचं असो वा जनावराचं. माशाचं आहे म्हणून सूट नाही. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि एकाच प्रकारे फसलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात.

अशी पुडी घरात असेल तर फेकू नका. उघडी असली तरी चालेल, कोरड्या डब्यात बंद करून ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: कुठून, कधी, कितीला घेतली, कुठल्या आजारासाठी. पैसे फोनवरून दिले असतील तर ती नोंद जपून ठेवा, बिल नसताना तोच पुरावा. माझी आणि निपाणीच्या गृहस्थांची नोंद सापडली आहे. खानापूरच्या मुलाने रोख दिले होते, पण त्याच्याकडे अर्धी पुडी शिल्लक आहे.