जुने गोवे: बॉम जीझस आधी की से कॅथेड्रल?

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला बॅसिलिका ऑफ बॉम जीझस आणि समोरच्या बाजूला से कॅथेड्रल. चालत पाच-सात मिनिटांचं अंतर. तरी बहुतेक पर्यटक पहिलं चर्च घाईघाईने बघतात, दुसऱ्याच्या हिरवळीवर फोटो काढतात आणि बस गाठतात. प्रवेश दोन्हीकडे मोफत आहे आणि दोन्ही चर्चेस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 1986 पासून आहेत. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही, वेळेचा आणि गर्दीचा आहे.

आमचं मत आधीच सांगतो. सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संताची समाधी पाहायला येत असाल तर बॉम जीझसला पर्याय नाही. पण एखादं मोठं जुनं चर्च निवांत बघायचं असेल, सोबत लहान मुलं असतील किंवा गर्दीत जीव घाबरा होणारं कोणी असेल, तर से कॅथेड्रलला जास्त वेळ द्या. सकाळी नऊच्या सुमारास पोहोचता येत असेल तर निवडायची गरजच नाही, दोन तासांत दोन्ही नीट होतात.

गर्दी एकाच ठिकाणी का तुंबते

बॉम जीझसचं दालन सुमारे 56 मीटर लांब आणि जेमतेम 17 मीटर रुंद आहे. ते एकसंध आहे, खांबांच्या पलीकडे बाजूच्या पट्ट्या नाहीत. समाधी आहे पुढे, वेदीच्या उजव्या हाताच्या दालनात. त्यामुळे आत आलेला प्रत्येक जण त्याच कोपऱ्याकडे जातो, तिथे थांबतो, मान वर करतो, मोबाइल वर धरतो आणि मागची रांग अडते. से कॅथेड्रल सुमारे 76 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. मधला भाग, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि कडेची छोटी छोटी प्रार्थनादालनं असल्यामुळे तेवढेच लोक आत आले तरी विखुरतात. डिसेंबरच्या सुट्टीतही तिथे बाकावर बसून छताकडे बघायला जागा मिळते.

बॉम जीझसमध्ये नेमकं काय दिसतं

इथे अपेक्षाभंग फार होतो, म्हणून सविस्तर. झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्शियन बेटावर वारले, पुढे त्यांचं शव गोव्यात आणलं गेलं. ते ज्या चांदीच्या पेटीत आहे ती गोव्याच्या सोनारांनी घडवली, साल 1637. पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट दिला आणि 1698 मध्ये तो इथे बसवला गेला. हा चौथरा उंच आहे. खालून दिसते ती पेटीची चांदीची बाजू आणि काचेतून आतलं काहीसं अंधुक. चेहरा जवळून दिसेल या कल्पनेने आलेले लोक हिरमुसून बाहेर पडतात.

जवळून दर्शन होतं ते साधारण दर दहा वर्षांनी. मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झालं. त्या वेळी अवशेष बॉम जीझसमधून से कॅथेड्रलमध्ये नेले जातात. हाच क्रम राहिला तर पुढचं 2034 च्या अखेरीस.

समाधीच्या अगदी कठड्याशी जाऊ नका. तिथून कोन इतका चढा होतो की पेटी निम्मी झाकली जाते. चार-पाच पावलं मागे, बाकांच्या बाजूला उभं राहिलं की चौथरा, ब्राँझचे फलक आणि पेटी एका नजरेत येतात. लहान दुर्बीण असेल तर जरूर आणा, पेटीवरच्या चांदीच्या पत्र्यांमध्ये झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग घडवलेले आहेत. मुख्य वेदीपुढेही थांबा. मधली भव्य मूर्ती जेझुइट पंथाचे संस्थापक सेंट इग्नेशियस लोयोलांची. ज्याच्या नावाने हे चर्च आहे तो बाळ येशू तिच्या खाली छोटासा आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

बाहेर पडताना दर्शनी भिंतीजवळ जा. भिंत जांभ्याची, बोटाचं टोक शिरेल अशा भोकांची. पण खांब आणि नक्षीकाम मात्र गुळगुळीत काळसर दगडाचं, कारण तो बसाल्ट थेट आपल्या वसईहून आणलेला आहे. जांभ्यात एवढी बारीक नक्षी टिकत नाही. या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो 1950 च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात पाणी पितो, शेवाळतो, झिजतो. हा लाल रंग फोटोत कितीही देखणा दिसला तरी वास्तूच्या दृष्टीने ते दुखणं आहे. कृपा करून भिंतीला पाय लावून टेकू नका आणि दगड खरवडू नका.

से कॅथेड्रलकडे वेळ द्यावा तो कशासाठी

बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं. हे सेंट कॅथरीनचं चर्च, कारण पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा जिंकला तो तिच्या सणाच्या दिवशी, 25 नोव्हेंबरला. दर्शनी बाजूला एकच मनोरा दिसतो. दुसरा 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. आत सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर कॅथरीनच्या आयुष्यातली चित्रं आहेत. बाजूच्या दालनांपैकी चमत्कारी क्रूसाचं दालन चुकवू नका. दर्शनी भागात पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. त्याला तिकीट आहे आणि शुक्रवारी ते बंद असतं.

सकाळ की दुपार

पर्यटकांसाठी दारं साधारण सकाळी 9 ते संध्याकाळी 6.30 उघडी असतात. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थना) असतात, त्यामुळे बॉम जीझसमध्ये फिरायला 10.30 नंतरच सोडतात आणि तोपर्यंत बाहेर लोक साठलेले असतात. रविवार टाळलेला बरा.

सकाळी आलात तर आधी बॉम जीझस, नंतर से. दहा-साडेदहापासून गोवा दर्शनाच्या बसगाड्या लागतात आणि समाधीचा कोपरा भरतो. सकाळचा तोटा एकच: बॉम जीझसचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी तो सावलीत असतो. से पूर्वाभिमुख, ते सकाळी उजळतं. फोटो महत्त्वाचे असतील तर दुपारी साडेतीनला या, आधी से आतून बघा आणि ऊन तिरपं झालं की बॉम जीझसकडे वळा. फक्त साडेपाचपर्यंत आतलं बघणं उरका, संध्याकाळच्या मिस्सेच्या वेळी आत हिंडता येत नाही.

मिस्सा चालू असताना आत असलात तर मागच्या बाकावर शांत बसा. शेवटी प्रसाद घ्यायला लोक रांगेत जातात तेव्हा उत्सुकतेने त्या रांगेत उभे राहू नका. तो संस्कार कॅथलिक श्रद्धावंतांसाठीच आहे.

कपड्यांचा नियम दोन्हीकडे सारखाच: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बीचवरून थेट येणाऱ्यांची इथेच अडचण होते, पिशवीत एक ओढणी किंवा लुंगी ठेवा. त्याच दिवशी मंगेशीला किंवा शांतादुर्गेला जाणार असाल तर एकाच पोशाखात सगळं होतं. चप्पल काढायची नाही, पुरुषांनी टोपी मात्र काढायची. बाहेर मेणबत्त्या आणि नवसाचे मेणाचे हातपाय, घरं विकणारे गाठतात. त्या मेणबत्त्या समाधीपुढे लावायच्या नसतात, त्यामुळे विकत घ्याच असा आग्रह कोणी केला तर सरळ नाही म्हणा.

फेस्ताला यावं का

गोंयच्या सायबाचं, म्हणजे झेवियरचं फेस्त (सण) 3 डिसेंबरला, त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या खास प्रार्थना. सावंतवाडी आणि बेळगाव भागातून लोक चालत येतात, मिस्सा बाहेर मांडवात होतात, फेरीत खाजं आणि चण्यांची दुकानं लागतात. भक्ती आणि जत्रा बघायची असेल तर नक्की या, पण त्या दिवशी वास्तू बघण्याची आशा सोडून द्या आणि स्वतःची गाडी आणू नका. पणजीहून हे दहाएक किलोमीटर आहे, कदंबची बस सोयीची पडते. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन सर्वांत जवळचं. नोव्हेनाच्या दिवसांत मुद्दाम यायचं नसेल तर जानेवारीच्या मध्यानंतरचा मंगळवार किंवा बुधवार निवडा.