कँडीची ‘पहिली रांग’ आणि सार्कचं तिकीट

ऑगस्टमध्ये श्रीलंकेला फोटो काढायला जाणार असाल, तर बुकिंग करण्याआधी हे वाचून घ्या. त्या महिन्यात बेटाच्या मध्यभागी सगळं एकमेकांच्या जवळ मिळतं: कँडीचा एसला पेरहेरा (बुद्धाच्या दाताच्या मंदिराची हत्तींसह निघणारी मिरवणूक), मिन्नेरियाच्या तलावाकाठी जमणारे हत्तींचे कळप, आणि अधेमधे सिगिरियाचा कातळ नि पोलोन्नरुवाचं प्राचीन शहर. त्यामुळे भुरटे गाईडही त्याच महिन्यात जोरात असतात. आमचा गाईड फेसबुकवर सापडलेला. ‘फोटोग्राफर्स स्पेशल’ पॅकेज: गाडी, सगळी तिकिटं, जंगलातली जीप, पेरहेऱ्याला पहिल्या रांगेतली खुर्ची. पैसे डॉलरमध्ये, अर्धे आगाऊ. माणूस बोलायला साखर. विमानतळावर केशरी शहाळी घेऊन हजर होता. आम्ही तिघं, मी, मावसभाऊ आणि वहिनी, तिथेच खूश.

सिगिरियाला त्याने पासपोर्ट मागितले. “रांग मोठी आहे सर, तुम्ही गाडीतच बसा, मी तिकिटं काढून आणतो.” आणली. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा तो कातळ, सिंहाचे पंजे, वरून दिसणाऱ्या बागा, हे सगळं डोळे भरून पाहिलं. (भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे, तिथे कॅमेरा काढूच नका.) वहिनींना तिकिटं डायरीत चिकटवायची सवय. संध्याकाळी हॉटेलवर त्यांनी तिकीट नीट पाहिलं, तर त्यावर छापलेलं ‘सार्क’. तिथल्या मोठ्या पुरातन स्थळांवर सार्क देशांच्या, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या नागरिकांना पासपोर्ट दाखवला की इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बऱ्याच कमी दरात प्रवेश मिळतो. पॅकेजच्या हिशोबात मात्र आमच्याकडून पूर्ण परदेशी दर घेतलेला. पासपोर्ट कशाला हवे होते ते तेव्हा कळलं. विचारल्यावर म्हणाला, “ते गाईडला मिळणारं डिस्काउंट आहे सर.” डिस्काउंट आमच्या पासपोर्टवर आणि मिळणार गाईडला!

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या पैशांची. प्रत्येक ठिकाणी ‘मोठ्या लेन्सची फी’ म्हणून तो वेगळे पैसे घ्यायचा, तेही रोख. आपल्याला हे खटकत नाही, कारण ताडोब्याला मोठ्या लेन्सचे वेगळे पैसे भरायची सवय असते. बहुतेक हेच हेरून तो भारतीयांना गाठत असावा, युरोपातला माणूस लगेच पावती मागेल. पोलोन्नरुवाला मी त्याच्या आधीच खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि लेन्स दाखवून विचारलं. खिडकीतल्या बाई हसल्या. साध्या फोटोग्राफीला काही लागत नाही, म्हणाल्या. गल विहाराची ती पहुडलेली बुद्धमूर्ती मी एक पैसा न देता हवी तितकी टिपली. फक्त तिथे मूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढू नका. तो बुद्धाचा अपमान समजतात, आणि अशा प्रकरणात पर्यटकांवर कारवाई झालेली आहे.

मिन्नेरियाबद्दल मी जरा सावधपणे लिहितो, कारण तिथे जे झालं ते सगळंच फसवणूक नव्हतं. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला हा तलाव कोरड्या दिवसांत आटतो, काठावर कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी हत्ती शेकड्यांनी येतात. पाणी जास्त असलं की गवत बुडतं आणि हत्ती दुसरीकडे जातात. अशा वेळी जवळच्या हबराणा गावचे जीपवाले पर्यटकांना हुरुलू किंवा कौडुल्ला या शेजारच्या जंगलांत नेतात, आणि ते बरोबरच आहे. आमची जीपही हुरुलूकडे वळली. हत्ती दिसले, पण उंच गवतात नुसत्या पाठी. तलावाचा मोकळा काठ नाही आणि मागे पाणी नाही. तक्रार हत्तींबद्दल नाही. पैसे मिन्नेरियाचे घेतले होते, दोन्हींच्या तिकिटात फरक आहे, आणि तो फरक परत द्यायचं नावही निघालं नाही. जीपवाला बिचारा सरळ माणूस. मिन्नेरियाला जायचं असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ठरलेलंच हुरुलू होतं!

खरा घाव कँडीत बसला. पेरहेऱ्याच्या मिरवणुका रस्त्यावर दहा रात्री निघतात. पहिल्या पाच कुंबल, पुढच्या पाच रंदोली. कुंबल लहान असते आणि रोज थोडी वाढत जाते. रंदोलीत हत्ती जास्त, नर्तक जास्त, सगळा थाट मोठा, म्हणून खुर्च्यांचे भावही चढे. दुकानदार फुटपाथवर खुर्च्या मांडून विकतात. स्थानिक लोक दुपारपासून चटया टाकून रस्त्याकडेला फुकट बसतात, आणि खरं सांगायचं तर तिथूनच जास्त चांगलं दिसतं. आमच्याकडून त्याने रंदोलीचे माणशी 120 डॉलर घेतले होते.

प्रत्यक्षात खुर्ची होती एका कापडाच्या दुकानासमोर, तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे. पहिल्या रांगेत एक जर्मन कुटुंब बसलेलं, आणि त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर आमचेच नंबर. दुकानदार हात वर करून मोकळा: “मी तीन खुर्च्या विकल्या, कुणाला ते मला माहीत नाही.” गाईडचा फोन बंद. तेवढ्यात चाबकांचे कडकडाट सुरू झाले, मिरवणूक आली. मग आगीचे गोळे फिरवणारे, झेंडेवाले, हातात ताडपत्रं घेऊन हत्तीवर बसलेला अधिकारी, ढोल. त्यांच्यामागून झुलीत नखशिखांत झाकलेला मालिगावाचा, म्हणजे दाताच्या मंदिराचा, दंतैल हत्ती, पाठीवर पवित्र करंडक. मावसभावाने खांबाच्या कडेने हात ताणून त्याचा एक फोटो मिळवला. मिरवणूक पांगायला लागली तेव्हा मी शेजारच्या आजोबांना विचारलं, पालख्या कुठे आहेत? रंदोली म्हणजेच पालख्यांची मिरवणूक, असं मी वाचून गेलो होतो. आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, “रंदोली परवापासून. आज कुंबल.” परवा आमचं परतीचं विमान होतं.

म्हणजे खुर्चीच नव्हे, रात्रसुद्धा खोटी. ही फसवणूक सहसा पकडली जात नाही. ज्याने पेरहेरा आधी पाहिलेला नाही त्याला कुंबलही भव्यच वाटतो, तो आनंदाने घरी जातो. तारखा तिथीप्रमाणे बदलतात, आणि ‘या वर्षी तारखा सरकल्या’ असं सांगायला त्यामुळे जागा मिळते. दळदा मालिगावा, म्हणजे तेच दाताचं मंदिर, तारखा आधीच जाहीर करतं. त्या स्वतः बघा आणि कितव्या रात्रीचे पैसे देताय ते लिहून घ्या. तिकिटं खिडकीवर जाऊन आपल्या हाताने काढा. गाईडकडे श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाचं ओळखपत्र असतं, ते गाडीत बसायच्या आधी मागा. आमच्या माणसाकडे जे होतं ते हॉटेलचं व्हिजिटिंग कार्ड निघालं.

सगळेच असे नसतात, हेही लिहायला हवं. दक्षिणेत कोग्गलाच्या किनाऱ्यावर खांबांवर बसून गळ टाकणारे कोळी आता बहुतेक फोटोसाठीच बसतात. एक जण खाली उभा राहून पैसे गोळा करतो. मला तो व्यवहार प्रामाणिक वाटतो. किंमत आधी सांगतात आणि दिलेल्या पैशात खांब, कोळी नि मावळता सूर्य, सगळं मिळतं.

कँडीत पर्यटक पोलिसांकडे तक्रार नोंदवली, प्राधिकरणाच्या 1912 या क्रमांकावरही सांगितलं. पोलिसांचा फोन गेल्यावर खुर्च्यांचे निम्मे पैसे दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर पाकिटात आले. तिकिटांचे आणि लेन्सचे गेलेच, कारण पावती एकाचीही नव्हती.

पुण्याला आल्यावर त्याचा मेसेज आला: “सर, झालं गेलं विसरा, दोन-चार चांगले फोटो पाठवाल का, देवळाला द्यायचेत.” मी उत्तर दिलं नाही. मावसभावाने मात्र दंतैलाचा तो फोटो स्वतःच्या पानावर टाकलेला होता, गाईडने तिथून उचलला. आता पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत तोच झळकतोय. कडेला खांब दिसत होता, तेवढा कापलाय. खाली लिहिलंय: ‘रंदोली, पहिल्या रांगेतून.’