आसामी गाणी ऐकायचीत? आधी झुबीन की पापोन

दोघेही आसामचे गायक, दोघांचीही एका शैलीशी लग्नगाठ नाही. पण वाटा अगदी वेगळ्या.

झुबीन गर्ग म्हणजे अनावर पूर. १९९२ मध्ये 'अनामिका' हा पहिला अल्बम आला आणि मग बिहू (आसामच्या सणाची लोकगीतं), रॉक, भक्तिगीत, सिनेमा असं सगळंच सुरू झालं. स्वतः लिहायचं, चाल लावायची, गायचं. २०१७ च्या 'मिशन चायना' सिनेमात तर लेखन, दिग्दर्शन, अभिनय असं सारं काही. २००६ च्या 'या अली' या हिंदी गाण्यानंतर मुंबईत सहज तळ ठोकता आला असता, पण हा गडी गुवाहाटीतच रमला. इतक्या ढिगात डावं-उजवं असणारच, काही गाणी सरळ घाईत उरकलेली वाटतात. पण आवाज आर्त झाला की तक्रार विसरायला होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ते गेले तेव्हा गुवाहाटीच्या रस्त्यांवर चाहते त्यांचंच 'मायाबिनी' हे गाणं गात होते. असं प्रेम नुसत्या हिंदी हिट गाण्यावर मिळत नाही.

पापोन, म्हणजे अंगराग महंत, मोजकं आणि निवडक गाणारा. आईवडील अर्चना आणि खगेन महंत दोघेही नावाजलेले लोकगायक, त्यामुळे लोकसंगीत घरचंच. त्यावर दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झ या जोडगोळीसोबत इलेक्ट्रॉनिक संगीताचा हात फिरला. 'मोह मोह के धागे'मुळे (२०१५) आपल्याकडे तो ओळखीचा आहेच.

कानाला सवय नसेल तर पापोनपासून सुरुवात सोपी. तरी मी झुबीनच सुचवेन, तेही हिंदी सोडून, थेट नव्वदच्या दशकातल्या आसामी गाण्यांपासून.