जुन्या नऊ गिअरच्या सायकलला मायक्रोशिफ्टचे लिव्हर

खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची जुनी सायकल, शिमानो कंपनीच्या सोरा मालिकेचे नऊ गिअर, आणि गिअर-ब्रेक एकत्र असलेल्या उजव्या लिव्हरने मान टाकलेली. तुमचीही अशीच अवस्था असेल तर अख्खा ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा पूर्ण संच, बदलायच्या आधी मायक्रोशिफ्टच्या आर-नाइन लिव्हरची जोडी बघा. मी तीच बसवून घेतली आणि परळ ते फोर्ट रोज त्यावरच जाते.

माझा लिव्हर दाबला की नुसता पोकळ हलायचा, गिअर पडायचाच नाही. या जुन्या लिव्हरमधलं ग्रीस वर्षानुवर्षांत सुकून चिकट होतं आणि आतली बारीक खिट्टी दातात बसत नाही. आत भरपूर डब्ल्यूडी-फोर्टी मारून, घाण बाहेर येईपर्यंत क्लिक करत राहून वर हलकं तेल सोडलं की पुष्कळदा लिव्हर जिवंत होतो. तो उपाय आधी कराच, फुकटात काम होतं. माझा लिव्हर त्यावर पावसाळाभर चालला, मग पुन्हा तेच. आतले सुटे भाग शिमानो विकत नाही.

एका दुकानात मला ठामपणे सांगितलं, ‘मॅडम, नऊचं आता काही मिळत नाही, दहाचा सेट टाका.’ हे मला अजिबात पटलं नाही. नऊच्या चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आजही सहज मिळतात. दहावर जायचं तर लिव्हरबरोबर चेन आणि कॅसेटही बदला, म्हणजे चांगल्या वस्तू भंगारात घाला. शेवटी लिव्हर ऑनलाइन मागवले आणि भायखळ्याच्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे बसवायला दिले. लिव्हर, केबल, नवी बार टेप आणि मजुरी धरून दहा हजारांच्या आत भागलं.

मायक्रोशिफ्ट ही तैवानची कंपनी. नऊच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ४.३५ मिमी असतं आणि प्रत्येक क्लिकला डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, नेमका तेवढाच सरकावा लागतो. आर-नाइन शिमानोच्या नऊ गिअरच्या मापाचाच आहे, त्यामुळे मागचा जुना सोरा डिरेलर तसाच ठेवला.

काकांनी टेप सोडवून जुनी केबल ओढली तर लिव्हरजवळच्या वळणावर तिचे तीन-चार धागे तुटून वर उभे राहिलेले. एक त्यांच्या बोटात घुसला. मागच्या डिरेलरपाशी आउटरचा, म्हणजे केबलवरच्या आवरणाचा, जो गोल वळसा असतो, त्यातून तांबूस पाणी निघालं. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत हा तुकडा सगळ्यात आधी जातो. गिअर अडखळायला लागले की पहिल्यांदा तोच बदलावा, चाळीस-पन्नास रुपयांचं काम. मात्र आउटर गिअरचाच घ्या, ४ मिमीचा. त्याच्या तारा लांबीत सरळ असतात, म्हणून तो दबत नाही. ब्रेकच्या आउटरची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दबते आणि गिअर नेमका बसत नाही. उलट, गिअरचा आउटर ब्रेकला कधीच लावू देऊ नका. जोरात ब्रेक दाबला की तो फाटू शकतो.

चेनही त्याच वेळी मोजून घेतली. पट्टी लावून चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलावी, एक अष्टमांश झाली तर बहुधा कॅसेटही गेलेली असते. माझी अजून ठीक होती.

आता लिव्हरबद्दल. ब्रेकची दांडी आडवी हलत नाही. गिअरसाठी तिच्या मागे दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, मोठी पट्टी मोठ्या चकतीवर नेते, छोटी खाली सोडते. जे. जे. पुलाखालून मोहम्मद अली रोडने जाताना हे फार कामाला येतं. समोर हातगाडी आडवी आली की ब्रेक दाबता दाबता गिअर हलका करता येतो, आणि पुन्हा निघताना गुडघ्यावर जोर येत नाही. क्लिक खणखणीत आहे, हातमोज्यातूनही कळतो.

उणीव एकच, पण ती मला रोज जाणवते. हँडलच्या खालच्या वळणावर हात असताना छोटी पट्टी लांब पडते, माझी बोटं आखूड आहेत. शिमानोचा रेशमी स्पर्शही यात नाही. शहरातल्या रोजच्या ये-जा करण्यात हात बहुतेक वेळ वरच असतात, म्हणून मी चालवून घेते. लांबच्या राइडला खाली वाकून चालवणाऱ्यांनी आधी कुणाच्या तरी सायकलवर हात ठेवून बघावा.

मागवताना दोन गोष्टी तपासा. मागच्या चकत्या मोजा, नऊच हव्यात. आणि पुढे पेडलपाशी दोन चकत्या आहेत की तीन ते बघा, कारण डावा लिव्हर त्यानुसार वेगळा येतो.