झायलिटॉलचे अर्धा किलोचे पाकीट : तीन महिन्यांचा अनुभव

मुलीच्या दुधाच्या दाढेत खड्डा पडला तेव्हा पांढरकवड्याच्या दातांच्या डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितले. आमच्या घरात दिवसातून चार वेळा चहा होतो आणि मुलेही दूध साखरेशिवाय पीत नाहीत, त्यामुळे गोड कमी करण्यापेक्षा साखरच बदलून पाहावी असे मला वाटले आणि मी झायलिटॉलचे, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या एका गोड पदार्थाचे, अर्धा किलोचे पाकीट ऑनलाइन मागवले. पार्सल आमच्या गावापर्यंत येत नसल्याने ते तालुक्याला जाऊन आणावे लागले, आणि भाव साखरेच्या दहापटीहून अधिक पडला.

चवीबद्दल माझी तक्रार नाही. झायलिटॉल दिसायला साखरेसारखेच असून गोडीही जवळजवळ तेवढीच आहे, त्यामुळे चमच्याला चमचा हे प्रमाण चालते आणि स्टेव्हियाचा (गोड पानांच्या एका वनस्पतीपासून काढलेल्या साखरेच्या पर्यायाचा) चहा प्यायल्यावर जिभेवर जो कडवटपणा रेंगाळतो तो इथे नाही. कोरडी चिमूट तोंडात टाकली तर पेपरमिंटसारखे गार लागते, कारण हे कण विरघळताना उष्णता शोषून घेतात. गरम चहात मात्र ते जाणवत नाही. सासूबाईंना चार दिवस काही कळले नाही, पाचव्या दिवशी पाकीट दिसल्यावर त्यांना चहा बेचव लागू लागला. याला तापवून साखरेसारखा तांबूस रंग येत नाही, म्हणून चिक्कीसाठी ते निरुपयोगी आहे, आणि पुरणात गूळच लागतो. (गूळ दातांना साखरेपेक्षा बरा, असे आमच्याकडे सर्रास मानतात; दात किडवणाऱ्या जंतूंना मात्र दोन्ही सारखेच.) पावसाळ्यात डबा नीट लागला नाही तर त्याचे खडे होतात.

आता दातांविषयी. पाकिटावर ‘दातांचे संरक्षण’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे आणि त्यामागे खरे शास्त्र आहे. दातांवरच्या थरातील स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. झायलिटॉलपासून त्यांना आम्ल तयार करता येत नाही. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७०च्या दशकात दोन वर्षे चाललेल्या प्रयोगात झायलिटॉल खाणाऱ्या गटात दातांची कीड साखर खाणाऱ्यांपेक्षा फारच कमी आढळली होती. पण त्या गटाच्या आहारातील जवळजवळ सगळीच साखर बदललेली होती. मी बदलली ती फक्त चहा-दुधातली. शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या रुपयाच्या गोळ्या आणि साखर घातलेले बोरकूट तसेच चालू राहिले, आणि दाताला खरा धोका या मधल्या वेळच्या चिकट खाण्याचाच असतो, कारण प्रत्येक गोळीनंतर तोंडातील आम्ल निवायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. जेवणासोबत एकदाच खाल्लेला लाडू त्या मानाने परवडतो. ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नाही, आणि लिहिली असती तर पाकीट खपलेही नसते.

विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘फ्लोराइडची गरजच नाही’ असा दावाही होता, आणि तो मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त असून लहानपणापासून ते पाणी प्यायल्याने दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, त्यामुळे फ्लोराइड म्हटले की आमचे लोक दचकतात आणि असा दावा लगेच पटतो. ते डाग म्हणजे कीड नव्हे. डॉक्टरांनी पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलायला सांगितला, पण फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन, न गिळता थुंकण्याच्या अटीवर, चालू ठेवली. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली केलेल्या आढाव्यातही झायलिटॉलचा जो थोडाफार लाभ दिसला, तो फ्लोराइडच्या पेस्टमध्येच झायलिटॉल मिसळल्यावर, कीड साधारण १३ टक्के कमी, आणि तोही पुरावा कच्चाच असल्याची नोंद तिथे आहे. बाकी पदार्थांबाबत त्यांना पुरेसा आधार सापडला नाही.

पोटाचाही एक हिशेब आहे. पोळ्याला मी शेवयांची खीर याच पाकिटातून गोड केली आणि दोन वाट्या खाल्लेल्या मुलीला संध्याकाळी जुलाब झाले. झायलिटॉल जास्त झाले की असे होते. ती सूचना पाकिटाच्या मागच्या बाजूला, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत होती.

हे पाकीट मी पुन्हा मागवणार नाही. त्या पैशांत झायलिटॉलचे च्युइंगगम घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण घोटाबरोबर पोटात जाणाऱ्या चहापेक्षा गम तोंडात जास्त वेळ राहते आणि चघळल्याने लाळही सुटते. मात्र ते घेताना घटकांच्या यादीत झायलिटॉल पहिले आहे का हे पाहावे, कारण पुष्कळ ‘शुगर-फ्री’ गममध्ये सॉर्बिटॉल हा दुसरा गोड पदार्थच जास्त असतो. अगदी लहान मुलांना गम देऊ नये.

उरलेले झायलिटॉल सासऱ्यांच्या चहासाठी स्टीलच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवले आहे. कुत्र्याच्या पोटात ते थोडेसे गेले तरी त्याची रक्तातील साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो, हे मला खिरीच्या दुसऱ्या दिवशी कळले. उरलेली खीर मोत्याला घालायची राहून गेली होती, एवढेच नशीब. आता डब्यावर जाड पेनाने ‘कुत्र्याला देऊ नये’ असे लिहिले आहे.