नवी मुंबईतील एका रुग्णालयाचा प्रत्यारोपण विभाग
पत्नीचा रक्तगट ए आणि माझा बी असल्याने माझी किडनी तिला चालणार नव्हती; मुलाच्या कॅथलिक शाळेतील दुसऱ्या कुटुंबाची अडचण नेमकी उलट असल्याचे पालकसभेनंतरच्या गप्पांत कळले. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनुसार जवळच्या नातेवाइकांच्या अशा जोड्यांना, मान्यता समितीच्या परवानगीने आणि पैशांच्या व्यवहाराविना, अदलाबदल करता येते, हे समन्वयक मॅडमनी दोन्ही घरांना एकत्र बसवून न कंटाळता समजावले. समितीपुढील मुलाखतीचे चित्रीकरण होते, हेही त्यांनी आधीच सांगितले, त्यामुळे समोरच्या आजी (दात्या त्याच!) बिचकल्या नाहीत. बिलाच्या खिडकीवर मात्र तीच कागदपत्रे तीनदा मागितली, हे अक्षम्य. चारही शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाल्या.