ब्युटेन टॉर्चवर चांदीची झाळ: आठ महिन्यांनंतर

जोडवी आणि मासोळ्या घरीच घडवायच्या म्हणून मुठीत मावेल एवढा ब्युटेनचा टॉर्च घेतला, त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे फुंकणीवर थोडं शिकले होते. फुंकणीची ज्योत आपल्या श्वासावर चालते. टॉर्चवर गॅसचा खटका आणि हवेची चकती एवढंच आपल्या हातात. या दोन गोष्टी कळायला मला तीन महिने लागले.

सुरुवातीला मी चकती पूर्ण उघडी ठेवायची. ज्योत निळी, टोकदार, सूंऽऽ करत सुटायची आणि वाटायचं, हीच खरी. दीड मिलिमीटर तारेच्या जोडव्याच्या सांध्यावर ती थेट धरली की झाळेची, म्हणजे सांधा जोडायला वापरतात त्या चांदीआधी वितळणाऱ्या मिश्रधातूची, गोळी व्हायची, पण ती पसरायची नाही. मी आणखी जवळ न्यायची. मग तारेचं टोकच वितळून गोल व्हायचं. अशी चार जोडवी गेली.

कारण चांदीतच आहे. उष्णता वाहून नेण्यात चांदीच्या पुढे एकही धातू नाही. एका जागी दिलेली धग कडीभर पळून जाते, सांधा थंडच राहतो आणि झाळेचा बारीक तुकडा मात्र आधी तापतो. 92.5 टक्क्यांची चांदी 800 अंशांच्या आसपास वितळू लागते आणि हार्ड झाळ 780 च्या आसपास धावते, म्हणजे वितळून सांध्यात पसरते. मध्ये जागा किती, तर वीसेक अंश! काका म्हणायचे, "आधी दागिना तापव गं, झाळ आपसूक येईल." ते मला टॉर्च हातात आल्यावर उमगलं.

आता चकती अर्धी मिटते. ज्योत रुंद, मऊ होते, टोकाला किंचित पिवळी झाक येते, आवाज खाली बसतो. मनगट फिरतं ठेवून सांध्यापासून लांबची बाजू आधी तापवते. सांध्याला लावलेली सवागी (बोरॅक्स) पहिल्यांदा फुगून पांढरी होते, मग बसते आणि शेवटी काचेसारखी पारदर्शक होते. तेव्हा समजायचं, धातू झाळेजवळ आला. मग चकती जराशी उघडून आतल्या निळ्या सुळक्याचं टोक सांध्यापासून थोडं वर धरायचं, कारण सर्वांत जास्त धग त्या टोकाच्या पुढेच असते. झाळेची चकचकीत रेघ सांध्यातून धावली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. एक सेकंदही जास्त नको.

हे सगळं पडदा ओढून करा. उन्हात चांदीची मंद लाली दिसतच नाही आणि माझी दोन जोडवी निव्वळ त्यामुळे वितळली.

मऊ ज्योतीचा आणखी एक फायदा पॉलिशच्या वेळी कळला. टोकदार ज्योतीत हवा जास्त, त्यामुळे चांदीतलं तांबं जळून करडे-लालसर डाग आत बसायचे. तुरटीच्या गरम पाण्यात उकळूनही ते जात नसत, कानस मारावी लागे. आता फायरब्रिकऐवजी कोळशाच्या ठोकळ्यावर काम करते आणि डाग फारच कमी येतात.

टॉर्चच्या तक्रारी आहेतच. दहा मिनिटं सलग चालवला की गॅस उडताना टाकी गार पडते आणि ज्योत ढिली होते. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी हे फार जाणवलं. मी टाकी तळहातात धरून ऊब देते. गरम पाण्यात किंवा ज्योतीजवळ कधीच नाही. गॅस भरल्यावर लगेच तिरका धरला तर पिवळा भडका उठतो, म्हणून पाचेक मिनिटं उभा ठेवते. पाचव्या महिन्यात हवेची चकती सैल झाली आणि आपोआप फिरू लागली. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता तारेचा वेढा घालून ती आवळली आहे.

झाळ घेताना कॅडमियमविरहित आहे ना, हे दुकानात विचाराच. कॅडमियम 767 अंशांना उकळतं, म्हणजे झाळ धावते त्याच्या अगदी जवळ, आणि तो धूर विषारी असतो. खिडकी उघडी, पंखा बाहेर फेकणारा, हे मी कधीच चुकवत नाही.

हुपरीच्या पैंजणांसारखं लांब काम या टॉर्चने होणार नाही. एवढी चांदी एका वेळी तापवायला एलपीजीचा मोठा टॉर्च लागतो. जोडवी, कानातल्या कड्या, छोटी पदकं यांना मात्र तो पुरतो. गेल्या आठवड्यात मासोळीचं अंग हार्ड झाळेने जोडलं, शेपटी त्याहून कमी अंशांना धावणाऱ्या ईझी झाळेने, आणि अंगाचा एकही सांधा सुटला नाही.